गाळलेले पाणी आणि फेकलेली बाटली



आज जरा कडक लिहिणार आहे. दशलक्षण पर्व आठ-दहा दिवसांवर आले असताना भांडणाचा सूर नको, असे कोणी म्हणेल. पण पर्वाच्या खरेदीच्या याद्या आत्ताच होतात. यादी झाली, पैसे दिले गेले, की नंतर बोलून उपयोग नसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दहा मिनिटे वापरून आपण जी बाटली, जो कप, जी पिशवी टाकून देतो, ती पुढे कुठेतरी एखाद्या जिवाचा घास अडवते. ती हिंसा आपल्याच खात्यात जमा होते. ती घरात होते तशी मंदिरातही होते, आणि मंदिरात तर धर्माच्या नावाने होते.

पिरंगुट-पौडपासून इकडे मालेपर्यंत आमची जैन घरे मोजकीच आहेत. पर्वात सगळी एकत्र जमतात आणि शेवटच्या दिवशी दीडशे माणसांचे भोजन होते. यंदाच्या यादीत तांदूळ, डाळ, तूप यांच्या खाली लिहिले आहे: सीलबंद पाण्याच्या ३०० बाटल्या, ३०० कागदी कप, तेवढ्याच प्लेट्स आणि स्वागताचा फ्लेक्स. मी हरकत घेतली. त्यावर मिळालेली उत्तरे इथे एकेक करून घेते, कारण तुमच्याही मंदिरात आणि तुमच्याही घरात हीच उत्तरे मिळत असणार.

"वहिनी, समुद्र इथून कुठे आला?"

माले गाव मुळशी धरणाच्या अगदी जवळ आहे. मुळा नदी अडवून हे धरण झाले. १९२१ च्या रामनवमीला त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्याने दिले. धरण व्हायचे ते झालेच. पण इथले पाणी जाते कुठे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

ते दोन दिशांना जाते. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे नेतात आणि खाली कोकणात भिऱ्याला उतरवतात. तिथले वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत सोडतात, आणि कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याला ते अरबी समुद्राला मिळते. दुसरी वाट पूर्वेची. पावसाळ्यात धरण भरले की पाणी मुळेत सोडतात. ते पुण्यात संगमावर मुठेला भेटते, पुढे भीमेला मिळते, उजनीत साठते, पंढरपुरात चंद्रभागा होते. कर्नाटकात भीमा कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र, दोन्हीकडे आपल्या दाराहून वाट जाते.

धरणात पडलेली अख्खी बाटली भिऱ्याला पोचणार नाही, हे मलाही कळते. अशा बोगद्यांच्या तोंडाशी जाळ्या असतात. उजनीच्या गाळातही बरेच काही बसत असेल. पण प्लॅस्टिक पालापाचोळ्यासारखे कुजत नाही. उन्हाने ठिसूळ होते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचा भुगा होतो. भुग्याला कोणती जाळी अडवणार? आणि ताम्हिणीत तर जाळीही नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी गाड्यांच्या रांगा लागतात, आणि वेफर्सची रिकामी पाकिटे कठड्यावरून खाली जातात. घाटाच्या पश्चिम उतारावरचे ओढे थेट कोकणात उतरतात. तिथून समुद्र फार लांब राहत नाही.

जगातल्या थोड्या महानद्याच समुद्रात प्लॅस्टिक नेतात, असा पूर्वी समज होता. २०२१ साली सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तो मोडला. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के एक हजाराहून जास्त नद्यांतून जाते, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे, असे त्यात दिसले. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावून कल्याणकडे जाणारी आपली उल्हास नदी त्या यादीत बरीच वर आहे. उगमापाशी तिचे पाणी तुमच्या-आमच्या ओढ्यासारखेच असते. तेव्हा समुद्र लांब आहे असे म्हणू नका. ओढा जवळ आहे ना, तेवढे पुरे.

"आपण तर मासेसुद्धा खात नाही"

या उत्तराने मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते अभिमानाने दिले जाते. आपल्या ताटात मासा नसतो, खरे आहे. माशाच्या पोटात मात्र आपली पिशवी असते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर समुद्रातल्या कचऱ्यात मासेमारीचा वाटा मोठा आहे. प्रशांत महासागरात तरंगणाऱ्या कचऱ्याच्या प्रचंड पट्ट्याचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात वजनाने ४६ टक्के मासेमारीची जाळी निघाली. ती आपली नाहीत. पण बाकीच्यात बाटल्या आहेत, झाकणे आहेत, डबे आहेत. ते कोण्या कोळ्याने नाही टाकले.

आपल्याच कोकणात बघा. बाणकोट खाडीच्या दक्षिणेला वेळास गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांची घरटी राखली, आणि आज लोक पिल्ले समुद्राकडे जाताना बघायला लांबून येतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने २०१५ साली कचरा उचलायला सुरुवात केली. लोक जोडले गेले, दर आठवड्याला उचलत राहिले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूत कासवाची पिल्ले दिसली. हे काम करणारे बहुतेक जण जैन नाहीत. त्यांच्यात मासे खाणारे पुष्कळ असतील. अहिंसा मात्र त्यांच्या हातून घडली.

कासव जेलीफिश खाते. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी तशीच दिसते. ती गिळली की अन्नाची वाट बंद होते, आणि पोट भरलेल्या अवस्थेत ते उपाशी मरते.

आता आपल्या वेदीकडे बघा. मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासव. नेमिनाथांचे शंख. पुष्पदंतांचे मगर. आपल्या दिगंबर परंपरेत अरनाथांचे मासा. चार तीर्थंकरांच्या मूर्तीखाली पाण्यातले जीव कोरलेले आहेत आणि त्यांच्यापुढे आपण रोज हात जोडतो. मग त्यांच्या पाण्याशी आपला काय संबंध, हा प्रश्न कसा काय विचारता?

आणि संबंध हवाच असेल तर मीठ घ्या. मासा नाही खात, मीठ तर खातो? आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ साली बाजारातले मीठ तपासले आणि त्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. समुद्राला दिलेले समुद्र परत करतो, आणि शाकाहारी ताट बघून थांबत नाही.

"कचरा आम्ही डब्यातच टाकतो"

डबा म्हणजे शेवट नव्हे. डब्यातून पुढे काय होते?

२०१७ साली झालेल्या मोठ्या हिशोबानुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले. त्यातल्या ज्याचा कचरा झाला, त्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आले आणि १२ टक्के जाळले गेले. बाकीचे खड्ड्यांत, ढिगांत, नाल्यांत पडून आहे.

पुण्यात निदान कचरा वेचणाऱ्या बाया आहेत. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, आणि आज त्या बाया महापालिकेच्या हद्दीत दारोदार जाऊन आपला ओला-सुका हाताने वेगळा करतात. हद्द ओलांडली की ती सोय संपते. खेड्यात बहुतेक घरी दोनच मार्ग असतात, परसात जाळायचे किंवा ओढ्याकाठी ढीग करायचा. जाळले की विषारी धूर घरातल्यांच्याच छातीत जातो. ढीग केला की पहिल्या मोठ्या पावसात तो मुळेत जातो.

शिवाय भंगारवाला सगळे घेत नाही. दुधाची पिशवी घेतो, बाटली घेतो. वेफर्सचे, बिस्किटाचे, मसाल्याचे चकचकीत पाकीट घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सोडवता येत नाहीत. बंदीनेही या पाकिटाला हात लावलेला नाही. महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदी मार्च २०१८ ची, केंद्राची १ जुलै २०२२ ची. त्यात चमचे, पेले, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट गेली. १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्याही गेल्या, म्हणजे कागदावर तरी गेल्या. पाकीट आणि बाटली राहिलीच.

डब्यातला कचरा गाय उकरते, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. उरलेला भात पिशवीत बांधून टाकला की ती पिशवीसकट खाते. अशा गायींच्या पोटातून शस्त्रक्रियेने वीस-वीस, तीस-तीस किलो प्लॅस्टिक काढावे लागते. पर्वात आपण जीवदयेसाठी पांजरपोळाला देणगी देतो, पावती घेतो. त्याच दिवशीच्या भोजनाच्या पिशव्या त्याच गायींपुढे पडतात. एका हाताने औषधाचे पैसे आणि दुसऱ्या हाताने आजार, याला दान म्हणायचे का?

मुनींच्या पाच समितींमधली शेवटची उत्सर्ग समिती आहे. शरीराचा मळ टाकतानासुद्धा जागा निरखून, तिथे जीव नाही हे पाहून टाकायचा. घेण्या-ठेवण्याची काळजी वेगळ्या समितीत आधीच सांगितली आहे, आणि टाकण्यासाठी ही स्वतंत्र समिती ठेवली. म्हणजे वस्तू हातातून सुटली की जबाबदारी सुटली, असे आपल्या धर्माने कधीच मानलेले नाही. श्रावकाला मुनीइतके जमणार नाही. पण टाकण्यापूर्वी एकदा बघणे तर जमेल?

"बाटली म्हणजे स्वच्छ, झंझट नाही"

हे मला मंदिराच्या ओट्यावर ऐकावे लागले, म्हणून विशेष वाटते.

पाणी गाळणे ही आपली ओळख आहे. दुहेरी जाड कापडातून गाळायचे, कापडावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी तिथेच हळूच परत सोडायचे, हे आपल्या आज्या करत आल्या. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. नीट उकळलेल्याची २४ तास. आता सांगा, कुठल्याशा कारखान्यात दोन-तीन महिन्यांपूर्वी भरलेली बाटली पर्वाच्या पंगतीत कोणत्या मर्यादेत बसते? कोणी म्हणेल, ते यंत्राने शुद्ध केलेले असते. असेल. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बाटलीबंद पाणी तपासले, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिककण आढळले, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. आपले कापड डासाची अळी अडवते, हे कण नाही अडवत. तेव्हा स्वच्छतेच्या नावाने बाटली आणू नका. सोय म्हणून आणता आहात, तसे स्पष्ट म्हणा.

कागदी कपाचेही तेच. तो कागदी असता तर चहाने भिजून फाटला असता. आतून त्याला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो टिकतो, आणि म्हणूनच तो रद्दीतही जात नाही, खतातही जात नाही. आयआयटी खरगपूरने २०२० साली पाहिले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे ठेवले तर सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. सात्त्विक भोजनानंतर तो चहा आपण घरच्या म्हाताऱ्यांना देतो.

एका काकूंनी वेगळा मुद्दा मांडला, तो विचार करण्यासारखा आहे. "अगं, स्टीलची ताटे घासायला पाणी किती लागेल? तीही हिंसाच की." बरोबर आहे, काकू. पण बाटली, कप आणि प्लेट करायलाही कारखान्यात पाणी लागते, आग लागते, खनिज तेल उपसावे लागते. ते दिसत नाही एवढेच. आणि पाणी वाचवायची रीत आपल्याकडे आहे. ताटात काही टाकायचे नाही, शेवटी ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे, असे पाळणारी माणसे आजही आहेत. तशा ताटाला घासायला तांब्याभर पाणी पुरते. राखेने किंवा कोरड्या कपड्याने आधी पुसून घेतले तर आणखी कमी.

"मग आम्ही इको-फ्रेंडलीच घेतो"

आता ज्या मैत्रिणी इथपर्यंत मान डोलावत आल्या, त्यांच्याशी थोडे भांडायचे आहे.

बांबूचा ब्रश, तांब्याची बाटली, काचेच्या बरण्यांचा बारा नगांचा संच, ज्यूटच्या पाच पिशव्या. सगळे घरपोच, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. जुने प्लॅस्टिकचे डबे एका दिवसात बाहेर काढून भंगारात. स्वयंपाकघर फोटोत छान दिसते. पण झाले काय? चालू असलेल्या वस्तूचा कचरा केला आणि नव्या वस्तूंचा परिग्रह वाढवला.

अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत उपभोगपरिभोगानर्थक्य सांगितले आहे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त भोगाच्या वस्तू जमवणे. त्यात हिरवा शिक्का असलेल्या वस्तूंना सवलत नाही. घरात असलेला प्लॅस्टिकचा डबा फुटेपर्यंत वापरा. त्यात गरम काही घालू नका, डाळ-तांदूळ ठेवा. सर्वात पर्यावरणपूरक पिशवी कोणती? जी घरात आधीच आहे ती. जुन्या धोतराची, साडीची शिवलेली. आणि दुकानदार 'कापडी' म्हणून देतो ती रंगीत, न विणलेली पिशवी कापडाची नसते. ती पॉलिप्रॉपिलीनचीच असते, काडी लावली तर वितळते.

कपड्यांचेही लक्षात ठेवा. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या, लेगिन्स धुताना त्यांचे बारीक तंतू पाण्यात सुटतात. समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ३५ टक्के असे कपडे धुण्यातून येते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली दिला. याचा अर्थ आहेत त्या साड्या फेका असा नाही. पुढची साडी घेताना सुती घ्या, आणि पुढची साडी जरा उशिरा घ्या.

"कंपन्यांनी करावे, आपण काय करणार?"

कंपन्यांनी करायलाच हवे. २०१६ च्या नियमांनी आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्यांच्यावर आपले प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्राने २०१८ साली दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायला सांगितले, निदान ५० पैसे. तुमच्या दुकानदाराने कधी ५० पैसे परत दिले का? मागितले का कोणी? कंपनीला दोष देणारी माणसे मागतही नाहीत.

शाम्पूची पुडी घेणाऱ्या बाईवर मी बोट ठेवणार नाही. रोजच्या मजुरीतून रोजची खरेदी करणारीला बाटली परवडत नाही, म्हणून ती पुडी घेते. तिच्यासाठी स्वस्त आणि सुटी वस्तू विकणे हे कंपनीचे काम. पण ३०० बाटल्या कोणत्याही कंपनीने आमच्या यादीत लिहिल्या नाहीत. आम्ही लिहिल्या. ज्यांच्या घरी पन्नास पेले आहेत आणि भाड्याने आणायला पैसे आहेत, त्यांनी लिहिल्या. सक्ती नाही, गरज नाही, गरिबी नाही. अनर्थदंड म्हणजे दुसरे काय असते? रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यात प्रमादचर्या आहे, म्हणजे काही प्रयोजन नसताना, बेफिकिरीने केलेली हिंसा.

मग करायचे काय

घरी माझे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत.

दूध किटलीत आणता येत असेल तर किटलीत आणा. खेड्यात ते अजून शक्य आहे. पिशवी घ्यावीच लागली तर कोपरा पूर्ण कापून टाकू नका, फक्त चीर द्या. तो तुटलेला कोपरा भंगारवाल्याच्या हाती लागत नाही, मोरीतून बाहेर जातो. पिशव्या धुऊन, वाळवून, महिन्याने भंगारात द्या.

तांदूळ-डाळी सुट्या घ्या. मुळशी-मावळात राहून आंबेमोहोर आणि इंद्रायणी प्लॅस्टिकच्या पाकिटातून विकत घ्यायची, हे मला तरी पटत नाही. शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ पोत्याने घ्या. तेल घाण्यावरून डब्यात आणा.

बाहेर पडताना प्रत्येकाची पाण्याची बाटली आणि एक डबा. गाळलेले, उकळलेले पाणी सोबत असले की नियमही पाळला जातो. ताम्हिणीला फिरायला जाणाऱ्या पाहुण्यांना मी घरून लाडू-चिवड्याचा डबा देते. पाकीट गाडीत नसले की कठड्यावरून पडायचा प्रश्न येत नाही.

मंदिरासाठी माझी मागणी चार ओळींची आहे. पाण्याला पिंप आणि स्टीलचे पेले. ताटे-वाट्या भाड्याने आणायच्या. गावोगावी बचत गटांकडे, देवस्थानांकडे पंगतीची भांडी असतात, आणि त्यांना चार पैसे मिळतात. अष्टद्रव्याच्या छोट्या प्लॅस्टिक पुड्या बंद, अक्षता-बदाम-लवंग घरून डबीत आणायचे. आणि फ्लेक्स नको. ज्या मुनिमहाराजांच्या अंगावर सुताचा धागा नाही, ज्यांच्याकडे पिच्छी-कमंडलूपलीकडे काही नाही, त्यांच्या स्वागताला आपण वीस फुटांचे प्लॅस्टिक टांगतो आणि त्यावर आपलेच फोटो छापतो. आकिंचन्य धर्माच्या दिवशी तो फ्लेक्स बघताना निदान लाज वाटू द्या. खडूची रांगोळी काढा, आंब्याचा टाळा बांधायचा नसेल तर कापडी तोरण लावा, दरवर्षी तेच वापरा.

ताटे घासायला कोण बसणार, हा प्रश्न लगेच येईल, आणि सगळे बायकांकडे बघतील. माझे उत्तर आत्ताच देऊन ठेवते. जे जेवतील ते सगळे. दादा, काका, तरुण मंडळी, सगळे. आपापले ताट आपण घासायचे. बाटल्यांची सोय खरे तर हेच काम टाळण्यासाठी हवी असते, आणि त्याची किंमत कासवाने मोजायची असते.

नेमिनाथांनी लग्नाच्या मिरवणुकीत, पंगतीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला आणि रथ फिरवला. ते प्राणी दिसत होते, ओरडत होते. आपल्या पंगतीपायी मरणारे जीव दिसत नाहीत आणि समुद्राखालून आवाजही येत नाही. ऐकू येत नाही म्हणून पंगत निर्दोष ठरत नाही.

पर्व संपले की क्षमावणी येते. आपण हात जोडून सर्व जिवांची क्षमा मागतो, कळत-नकळत झालेल्या दोषांची. नकळत झाले त्याची क्षमा मागता येते. जे यादीत लिहून, पैसे मोजून, आठ दिवस आधी ठरवून करायचे, त्याची क्षमा कोणत्या तोंडाने मागणार? आपापल्या मंदिराची यादी या आठवड्यात मागून घ्या आणि वाचा. बाटल्यांची ओळ दिसली तर खोडा.

जय जिनेंद्र.